आई हेल्थ सेंटरची नर्स होती? तिच्या आठवणींची पुस्तिका घरच्या घरी अशी करा

वर्षश्राद्ध जवळ आलं की घरात एकच चर्चा सुरू होते, पेपरात पुण्यस्मरणाची जाहिरात किती मोठी द्यायची आणि फोटो कुठला लावायचा. जाहिरात जरूर द्या, पण आई जर एएनएम (सबसेंटरवरची नर्स) किंवा हेल्थ व्हिजिटर किंवा पब्लिक हेल्थ नर्स म्हणून गावोगाव फिरलेली असेल तर त्या चौकोनात 'प्रेमळ, कष्टाळू, सेवाभावी' एवढंच मावतं, आणि हे तीन शब्द कुणाच्याही आईला चालतात. आम्ही भावंडांनी आमच्या आईची एक छोटी पुस्तिका केली, तिची नोकरी सगळी गोव्यात, सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत झाली, आणि ती बघून ओळखीतली माणसं विचारतात कसं केलंत, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते.

आधी एक अडचण समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. वॉर्डातल्या नर्सला बरे होऊन गेलेले पेशंट असतात, ते चवथीला नेवऱ्या घेऊन येतात, 'तुमच्या आईमुळे मी वाचलो' म्हणतात. गावात फिरणाऱ्या नर्सचं तसं नसतं. तिचं काम नीट झालं म्हणजे काहीच झालं नाही. ज्या पोराला पोलिओ झालाच नाही, ज्या बाळंतिणीला धनुर्वात झालाच नाही, ती कशाला येऊन सांगतील, त्यांना स्वतःलाच माहीत नसतं. त्यामुळे 'लोक येतील आणि आठवणी सांगतील' म्हणून घरी बसून राहिलात तर हाताला दहा ओळी लागणार नाहीत, तुम्हाला उठून शोधत जावं लागणार. आणि लवकर, कारण तिच्याबरोबर काम केलेली माणसंही आता थकलेली आहेत.

सुरुवात कागदांपासून

कपाटातली ती जुनी फाइल किंवा प्लॅस्टिकची पिशवी बाहेर काढा, बहुतेक घरांत ती जन्मदाखले आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या खाली असते. त्यात अपॉइंटमेंट लेटर, बदलीच्या ऑर्डरी, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, पेन्शनची ऑर्डर आणि नशीब असेल तर सर्व्हिस बुकची कॉपी मिळेल. या कागदांवरून एक साधी यादी करा, कुठल्या साली कुठलं सेंटर. साखळी, मग वाळपई, मग कुठलंसं सबसेंटर, मग डिचोली, असं. सगळ्या पुस्तिकेचा कणा हाच. ऑर्डरी हरवल्या असतील तर जुनं रेशन कार्ड, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, एलआयसीची पत्रं बघा, त्यांच्यावरच्या पत्त्यावरून बदली कधी झाली ते कळतं. आमची एक बदली तर धाकट्या भावाच्या शाळेच्या दाखल्यावरूनच सापडली.

रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट नीट वाचा, ट्रेनिंग कुठे आणि कधी झालं ते त्यात असतं. आई गोवा मुक्तीनंतरच्या पहिल्या दशकात नोकरीला लागली असेल तर तो काळ थोडा समजून घ्या, म्हणजे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट, गावात उपचार म्हणजे वैद्य आणि बाळंतपणाला वयजीण (सुईण), शिकलेली मुलगी एकटी वाड्यावाड्यावर फिरते हीच मोठी गोष्ट. घरच्यांनी परवानगी कशी दिली, कोण भांडलं, पहिला पगार कुणाच्या हातात गेला, हे मावशी-मामांना आताच विचारा. आमच्या मावशीकडून कळलं की आजोबा पहिले काही महिने तिच्याशी बोलतच नव्हते, हे आईने आम्हाला जन्मात सांगितलं नव्हतं.

सरकारी रजिस्टर घरात सापडलं तर मात्र त्याचे फोटो काढून पुस्तिकेत छापू नका, ते सेंटरला परत नेऊन द्या. का ते पुढे येईल.

साल कसं लावायचं

गावातली माणसं 'ते ह्या साली झालं' असं सांगत नाहीत, आणि तुम्ही साल विचारलंत की ती बिचकतात, परीक्षा चालल्यासारखी. त्यापेक्षा सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी विचारा. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर वारले त्याच्या आधी की नंतर, म्हणजे १९७३. कदंबच्या, म्हणजे सरकारी बशी सुरू झाल्या होत्या का, म्हणजे १९८०. चोगम (राष्ट्रकुल देशांच्या प्रमुखांची बैठक) झालं तेव्हा सिस्टर इथेच होती का, १९८३. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे पणजीचा मांडवी पूल पडला ते, ५ जुलै १९८६, तो दिवस आपण कुठे होतो ते उतारवयातल्या माणसाला हमखास आठवतं आणि मग त्याच्या धाग्याने बाकीचंही येतं. घटकराज्य १९८७, कोकण रेल्वे १९९८. एवढ्या खुणा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्यात की मुलाखत घेताना फार सोपं जातं.

आरोग्याच्या पण खुणा आहेत आणि त्या चक्क माणसांच्या अंगावर आहेत. पन्नाशीच्या पुढच्या माणसाच्या हातावर देवीच्या टोचणीचा मोठा पसरट व्रण दिसतो, त्याच्यापेक्षा तरुण असेल तर डाव्या दंडावर बारका खळगा, तो बीसीजीचा. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, त्यानंतर काही वर्षांत ती टोचणी बंदच झाली. तर आईच्या भागातल्या माणसाला 'हे तुला कुणी टोचलं?' एवढंच विचारा. आधी हसतील, मग बाही वर करून बघतील, आणि मग एकदम 'सिस्टरीनच की गे' असं निघतं. आम्हाला सगळ्यात जास्त आठवणी ह्या एका प्रश्नाने मिळाल्या.

कुणाला विचारायचं

डॉक्टरांकडे आधी जाऊ नका. डॉक्टर चांगलं बोलतात पण भाषणासारखं बोलतात, आणि त्यांनी आईला सेंटरवर बघितलेलं असतं, वाटेवर नाही. वाटेवर बघितलेली माणसं म्हणजे हेल्थ सेंटरच्या जीपचा ड्रायव्हर, अटेंडंट, मलेरियाचं रक्त घेत फिरणारा वर्कर, अंगणवाडीची बाई, ज्याच्या दुकानाच्या बाकड्यावर ती बसची वाट बघायची तो दुकानदार, फेरीबोटीच्या धक्क्यावरचा चहावाला. ड्रायव्हर तर सोनं असतो. कुठे जीप अडकली, कुठून पुढे चालत जावं लागलं, पावसात कुठला व्हाळ भरला की परत फिरायचं आणि आई परत फिरायची का नाही, हे सगळं त्याला पाठ असतं.

आणि वयजीण. ती स्वतः नसेल तर तिची सून. कागदावर बघितलं तर सरकारी नर्स आली आणि वयजिणीचं काम गेलं, पण गावात तसं सरळ कधी झालं नाही, काही ठिकाणी दोघींचं वाकडं होतं आणि काही ठिकाणी दोघी एकाच खोलीत बसून बाळंतपण करायच्या, एकीच्या हातात ब्लेड उकळलेलं आणि दुसरीच्या हातात बाळंतिणीचा हात. तुमच्या आईचं कसं होतं ते विचारा, वाकडं होतं असं निघालं तर तेही लिहा.

प्रश्न बारके ठेवा. 'आई कशी होती हो?' विचारलंत तर 'देवमाणूस' हे उत्तर येणार आणि तिथेच संपणार. त्यापेक्षा, तुमच्याकडे आली की बसायची कुठे, सोप्यावर की आत रांधणीपर्यंत यायची? चहा घ्यायची का? कुणाच्या घरी पाणीसुद्धा प्यायची नाही असं होतं का? (जातीचा विषय इथे निघतो, निघू दे.) ओरडायची कुणाला? तिला बघून पोरं पळायची का? पोरं पळायचीच, एका आजीने सांगितलं की वाड्याच्या तोंडावर पांढरी साडी दिसली की मोठी माणसं हाक द्यायची, 'सिस्टर आयली गे, भुरग्यांक भायर हाड' (पोरांना बाहेर आण), आणि ती हाक ऐकून पोरं माडाच्या मागे. हे आमच्या पुस्तिकेचं पहिलं वाक्य झालं.

मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण परवानगी घेऊन. फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात कुणाचा तरी कॉल येतो, पंखा बंद करा, फोन टेबलावर रुमालावर ठेवा म्हणजे खडखड येत नाही. घरी आल्यावर लगेच फाइलला माणसाचं नाव आणि तारीख द्या आणि दोन ठिकाणी ठेवा. माणसं कोंकणीत बोलतील, मराठी-कोंकणी मिसळून बोलतील, त्यांचं वाक्य जसंच्या तसं ठेवा, पुस्तकी मराठी करायला गेलात की बोलणाऱ्याचा आवाजच जातो.

तिचं काम तुम्हाला समजलं पाहिजे

हा भाग मुलं टाळतात, आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा हाच. आपण आईला बॅग घेऊन जाताना बघितलं, बॅगेत काय होतं ते कुठे बघितलं?

लशीचं उदाहरण घ्या. लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते, सबसेंटरवर फ्रीज नाही, म्हणजे सकाळी सेंटरवरून व्हॅक्सिन कॅरिअर उचलायचा, त्यात चार आइस पॅक, आणि तो खांद्याला लावून बस, मग चालत. गोवर आणि बीसीजीची लस पावडर असते, पाणी घालून तयार केली की चार तासांत वापरायची, नंतर टाकून द्यायची. आता हे कळल्यावर बघा, 'सिस्टर कधी जेवायला थांबली नाही, घाईतच असायची' अशी जी तक्रार चारपाच घरांतून आली तिचा अर्थ बदलतो की नाही. तिला जेवायचं नव्हतं असं नाही, बाटली उघडलेली होती आणि धनगरवाड्यावरची पोरं राहिली होती. चरावणे-हिवऱ्यासारख्या गावांकडे बघा, आज गाडीने जातानाही लांब वाटतात.

अशा दहाबारा गोष्टी तिच्या जोडीच्या रिटायर्ड सिस्टरकडून समजून घ्या. काचेच्या सिरिंज आणि सुया उकळून वापरायचे दिवस. स्प्रिंगच्या वजनकाट्याला झोळीत लटकवलेलं रडणारं बाळ. दंडाच्या घेराची पट्टी. लोहाच्या गोळ्या, ज्या बायका घ्यायच्या आणि परसात टाकायच्या. जुलाबाला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे किती घरांत किती वेळा सांगितलं असेल. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण, कॉपर टी आणि ऑपरेशनच्या केसेसचं टार्गेट, हा विषय बायका हळू आवाजात बोलतात पण बोलतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पणजीत मलेरिया वाढला, त्यानंतर बांधकामावरच्या मजुरांचं रक्त तपासून हेल्थ कार्ड द्यायचं काम आलं. नियम असा की एका सबसेंटरला ५,००० माणसं, डोंगराळ भागात ३,०००, आणि दुसऱ्या राज्यांत २००५ नंतर हाताशी आशाताई आल्या तशा गोव्यात आल्या नाहीत, म्हणजे दारोदारचं बरंच ओझं आपल्याकडे एएनएमच्याच खांद्यावर राहिलं. हे सगळं तिच्या गोष्टीत जिथे बसेल तिथेच घाला, वेगळं माहितीचं पान करू नका, ते कुणी वाचत नाही.

पल्स पोलिओला मात्र दोन पानं द्या. १९९५ च्या डिसेंबरात सुरू झालं, बूथ रविवारी, मग पुढचे दिवस घरोघरी, डाव्या करंगळीला शाईची खूण. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला, पश्चिम बंगालमधला, आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं. आई तेव्हा रिटायर झाली होती, टीव्हीवर बातमी लागली तेव्हा ती भाजी चिरत होती आणि म्हणाली 'बरं झालं', बास. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. पुस्तिकेत ते दोन शब्द जसेच्या तसे ठेवले, खाली काहीही लिहिलं नाही.

नावं छापताना

इथे कडक राहा. आईच्या डायरीत लोकांची गुपितं असतात. कुठल्या मुलीला दिवस गेले होते, कुणाला टीबी होता, कुणी नवऱ्याला न सांगता कॉपर टी बसवली, हे तिने तोंड बंद ठेवून सांभाळलं म्हणून लोकांनी तिला दार उघडलं. ते तिच्या मागे तुम्ही छापलंत तर तिची सगळी कमाई गेली. गाव लहान, नाव बदललं तरी 'देवळामागच्या घरातली' म्हटलं की सगळ्यांना कळतं, म्हणून अशी गोष्ट सांगायचीच असेल तर गाव, वर्ष, नातं सगळंच काढा, आणि तरीही ओळखू येत असेल तर गोष्टच काढा. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने परवानगीशिवाय नाव उघड करायला बंदीच आहे. आणि गोव्यात तरी हे कुणाला समजावून सांगायला नको, १९८९ साली डॉमिनिक डिसोझा यांना फक्त एचआयव्ही निघाला म्हणून उचलून एकटं कोंडून ठेवलं होतं, नाव फुटलं की माणसाचं काय होतं ते त्या वेळच्या प्रत्येक नर्सने बघितलंय.

चांगली आठवण सांगणाऱ्यांनाही छापायच्या आधी त्यांचा मजकूर वाचून दाखवा. एका बाईने आम्हाला सगळं हौसेने सांगितलं आणि वाचून दाखवल्यावर म्हणाली, सासूचं तेवढं काढ गे. काढलं.

आणि घरातली आई

सेवाभावी बाईच्या पुस्तिकेत मुलं स्वतःला विसरून जातात, किंवा मग 'तिने आम्हाला काही कमी पडू दिलं नाही' असं लिहून मोकळी होतात. कमी पडलं असेल तर तसं लिहा ना. पोलिओचे रविवार आमचे नव्हते. रात्री दार वाजलं की ती जायची आणि सकाळी शाळेचा डबा बाबा करायचे, बाबांना एकच भाजी यायची. दुसऱ्यांच्या पोरांशी ती ज्या गोड आवाजात बोलायची तो आवाज घरी येईपर्यंत संपलेला असायचा, हे मी लिहिलं तेव्हा मोठी बहीण चिडली, तिच्या मते आई घरी शांत होती, थकलेली नव्हती. आम्ही दोन्ही छापलं, तिचं तिच्या नावाने, माझं माझ्या नावाने. भावंडांचं एकमत करायच्या नादात बऱ्याच पुस्तिका वर्षानुवर्षं लटकतात, त्यापेक्षा प्रत्येकाला एकेक पान द्या आणि दुसऱ्याच्या पानाला हात लावायचा नाही असं ठरवा.

बाबांना विसरू नका. आणि नातवंडांनाही एक पान, त्यांनी रिटायर झालेली आजी बघितली, सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडे घेणारी, सगळ्या शेजारणींचं बीपी बघणारी, ती वेगळीच बाई होती.

छपाईचं थोडक्यात

मधोमध पिना मारलेली पुस्तिका असेल तर पानं चाराच्या पटीत लागतात, १६, २०, २४, हे आधी ठरवा नाहीतर शेवटी पान भरायला कविता शोधायची वेळ येते. मजकूर मोबाइलवर टाइप केला तरी चालतो, पण प्रेसवाल्याचा फॉन्ट वेगळा असेल तर जोडाक्षरं तुटतात, म्हणून कागदावरचं प्रूफ मागून घ्या आणि ते अशा माणसाला वाचायला द्या ज्याने आधीचं काही वाचलेलं नाही. गावांची नावं तपासा. आयकार्डवरचा बारका फोटो मोठा करायचा असेल तर ६०० डीपीआयला स्कॅन करा, आणि जुन्या चिकट अल्बममधले फोटो ओढून काढू नका, फाटतात, खिडकीच्या उजेडात फ्लॅश बंद करून अल्बममध्येच फोटो काढा. जुन्या बातम्या हव्या असतील तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं बघायला मिळतात, महिना-साल माहीत असेल तरच जा, नाहीतर दिवस जातो.

वस्तू आवरताना एक सांभाळा. जुना पाऱ्याचा बीपी ॲपरेटस किंवा थर्मामीटर घरात असेल तर पोरांच्या हातात देऊ नका आणि कचऱ्यातही टाकू नका, पारा विषारी असतो, हेल्थ सेंटरला विचारून त्यांच्याकडे द्या. जुन्या सुया आणि गोळ्यांचंही तसंच. काचेची सिरिंज आणि तो स्टीलचा डबा ठेवा, त्यांचा फोटो आतल्या पानावर छान दिसतो.

प्रकाशन वगैरे म्हणाल तर हॉल घेऊ नका. वर्षश्राद्धाला घरी माणसं येतातच, तेव्हा जेवणाआधी दोनच जणांना बोलायला सांगा, जेवणानंतर कुणी थांबत नाही, आणि त्या दोघांतला एक जीपचा ड्रायव्हर असू दे. कॉप्या लागतील त्यापेक्षा थोड्या जास्त काढा, कारण खरं वाटप नंतर होतं, तिच्या जुन्या सेंटरवर, सबसेंटरवर, ज्यांनी बोलायला वेळ दिला त्यांच्या घरी, पोस्टाने नको, स्वतः जा. शेवटची दोन पानं कोरी ठेवा आणि जाताना पेन घेऊन जा. पुस्तिका हातात पडली की माणसांना नवीन काहीतरी आठवतं, ते तिथल्या तिथे त्यांच्याकडूनच त्यांच्या अक्षरात लिहून घ्या आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढा, आमच्याकडे अशी पानं आता इतकी जमलीत की पुढच्या वर्षी दुसरी पुस्तिका काढावी लागेल असं दिसतंय.